घड्याळातला सेल आधी काढा: पहिली शॉर्ट फिल्म करणाऱ्यांसाठी

आमच्या पहिल्या फिल्मची गोष्ट एवढीशी होती. आजोबा भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढं ठेवतात, नात ते बरोबर लावते, आजोबा परत पुढं करतात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पाच जणांनी मिळून दोन दिवसांत शूट केली. दिग्दर्शन माझं, आणि एडिटही शेवटी माझ्याच गळ्यात पडलं, कारण ज्याला करायचं होतं त्याची परीक्षा आली. ते गळ्यात पडलं हे बरंच झालं. सेटवर केलेली एकेक चूक मला स्वतःच्या हातानं निस्तरावी लागली. तेव्हापासून जो कुणी पहिली फिल्म करायला निघतो त्याला मी सांगते, की शूटला जाण्याआधी मनातल्या मनात एकदा एडिटला बसून ये. कॅमेरा कुठला आणि लेन्स कुठली हे नंतर बघू.

पानं मोजू नका, स्टॉपवॉच लावून वाचा

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशोब सगळे सांगतात. तो इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीचा आहे: बारा पॉइंटचं कुरियर अक्षर, ठरलेले समास. आपण देवनागरीत, हव्या त्या फॉन्टमध्ये, ऐसपैस लिहितो, तिथं तो लागू पडत नाही. माझी स्क्रिप्ट १४ पानांची होती. मोठ्यानं, पात्रांच्या उठण्याबसण्यासकट, स्टॉपवॉच लावून वाचली तेव्हा १९ मिनिटं झाली. त्यात एक फ्लॅशबॅक होता, रेल्वे स्टेशन होतं आणि पाऊस होता. पाच जण, एक कॅमेरा, आणि मला पाऊस हवा होता!

वाचून झाल्यावर प्रत्येक सीनवर बोट ठेवून विचारा: हा काढला तर गोष्ट कळायची थांबते का? आमचं स्टेशन गेलं, पाऊस गेला, फ्लॅशबॅकच्या जागी आजोबांचं एक वाक्य आलं. उरली एक खोली, दोन माणसं आणि घड्याळ. तयार फिल्म ६ मिनिटं ४० सेकंदांची झाली आणि त्यातलीही २० सेकंदं मला आजही खुपतात.

छोटी फिल्म म्हणून लाजू नका. ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून दहा फिल्म्स दाखवल्या, त्यातली प्रत्येक मिनिटाच्या आतली होती. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा मोठ्या चित्रपटाला हात घालण्याआधी कुंडीतलं रोप उगवून वाढतं तेवढंच टिपणारी एक छोटी फिल्म करून पाहिली होती. ऑस्करच्या नियमात शॉर्ट फिल्म ४० मिनिटांपर्यंत चालते हे खरं, पण फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटांची आहे, तीही श्रेयनामावली धरून. पहिल्या खेपेला दहा मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी.

४६ शॉट्स लिहिले, २७ झाले

शॉट डिव्हिजन, म्हणजे कुठला सीन कुठल्या शॉट्समध्ये घ्यायचा याची यादी, आम्ही मोठ्या हौसेनं केलं होतं. वही, रंगीत पेनं, बाण काढलेल्या चौकटी. फक्त एक शॉट लावायला किती वेळ लागतो हे कुणी मोजलं नव्हतं. कॅमेरा हलवा, लाइट हलवा, फ्रेममध्ये डोकावणारी वायर लपवा, रिहर्सल करा, मग तीन-चार टेक. नवख्या टीमचा एका सेटअपला अर्धा तास सहज जातो. दिवसाचे दहा तास धरा, त्यातून जेवण आणि सकाळची मांडामांड वजा करा. १४-१५ शॉट्सच्या वर जाऊ नका.

त्यात आम्ही केलेला मोठा गाढवपणा म्हणजे स्क्रिप्टच्या क्रमानं शूट केलं. पहिला सीन पहिला, शेवटचा शेवटी. पहिल्या दिवशी नात दारातून आत येते या शॉटचे आम्ही अकरा टेक घेतले. एक ओके होता, बाकी उत्साह होता. आणि ज्या सीनसाठी फिल्म करत होतो, आजोबा स्टुलावर चढून काटा पुढं सरकवतात तो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीतला उजेड उतरत असताना चाळीस मिनिटांत उरकला. त्याचा क्लोज नाही. आजोबांची बोटं काट्यावर, हा शॉट वहीत लाल पेनानं लिहिलेला आहे आणि फिल्ममध्ये नाही.

म्हणून सकाळी एक-दोन सोपे शॉट घेऊन सगळ्यांचे हात बसू द्या आणि लगेच सगळ्यात महत्त्वाचा सीन घ्या. दारातून येणं-जाणं संध्याकाळी. वहीतल्या प्रत्येक शॉटसमोर एक खूण असू दे: हा नसेल तर फिल्म होणार नाही, हा असेल तर बरं, हा नुसती हौस. वेळ संपायला लागला की काय खोडायचं हे तेव्हा ठरवायला डोकं ठिकाणावर नसतं.

कव्हरेजबद्दल, म्हणजे एकच सीन वेगवेगळ्या बाजूंनी टिपण्याबद्दल, थोडक्यात. दोन माणसं बोलत असतील तर आधी मास्टर घ्या, अख्खा सीन एका दमात. मग एकाच बाजूचे सगळे शॉट, सजेशन (एकाच्या खांद्यावरून दिसणारा दुसरा) आणि क्लोज (जवळून चेहरा), संपवून मग दुसऱ्या बाजूला या, म्हणजे लाइट एकदाच फिरवावा लागतो. दोघांमधून एक काल्पनिक रेषा जाते, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. हा १८० अंशांचा नियम मला तोंडपाठ होता, परीक्षेत लिहिला होता, आणि तरी नातीच्या क्लोजला आम्ही रेषा ओलांडली, कारण त्या बाजूची भिंत छान दिसत होती. एडिटला बसले तेव्हा आजोबा आणि नात दोघंही उजवीकडं बघून बोलत होते, जणू तिसऱ्याच कुणाशी. आता मी जमिनीवर चिकटपट्टी लावते. मोडायचा असेल तर नियम मोडावा, पण पाय चिकटपट्टीवरून पलीकडं टाकताना आपण काय करतोय ते माहीत असावं.

त्या गोंधळातून आम्हाला घड्याळाच्या इन्सर्टनी, म्हणजे मध्ये घालायच्या नुसत्या वस्तूच्या शॉट्सनी, वाचवलं. कॅमेरा करणाऱ्या मित्रानं जेवणाच्या सुट्टीत सहज चाळा म्हणून नुसतं घड्याळ टिपलं होतं. दोन शॉट, वीस-वीस सेकंद. उजवीकडं बघणारे आजोबा, मग घड्याळ, मग उजवीकडं बघणारी नात: मध्ये काहीतरी आलं की डोळ्याला दिशा आठवत नाही. ते दोन इन्सर्ट मी फिल्ममध्ये चार ठिकाणी वापरलेत. प्रत्येक सीनमध्ये हात, वस्तू, खिडकी, ऐकणाऱ्याचा चेहरा असं दहा-दहा सेकंदांचं काहीतरी घेऊन ठेवा. सेटवर ते फालतू वाटेल.

आणि दिग्दर्शकांनो, ‘कट’ म्हणायची घाई करू नका. शेवटचा शब्द संपला रे संपला की मी कट ओरडायचे. रेकॉर्डिंगमध्ये आजोबांच्या ‘...असू दे’ मधल्या ‘दे’वर माझा आवाज चढलेला आहे. ॲक्शनच्या आधी पाच सेकंद कॅमेरा नुसता चालू द्या, संवाद संपल्यावरही मनात पाच आकडे मोजा. माणूस बोलून झाल्यावर जे करतो तेच पुष्कळदा कामाला येतं.

घड्याळ

आता ते घड्याळ. फिल्म घड्याळावर, फिल्मच्या नावातही वेळ, आणि आम्ही पाचही जणांनी दोन दिवस त्या चालू घड्याळाकडं कुणी लक्षच दिलं नाही.

मास्टर घेतला तेव्हा त्यात १० वाजून २० मिनिटं. आजोबांचा सजेशन घेतला तेव्हा ११ वाजून ५ मिनिटं. मग जेवण झालं, आणि नातीचा सजेशन, ज्यात घड्याळ तिच्या डोक्याच्या बरोबर वर येतं, तो पावणेदोनचा. पडद्यावर हा दीड मिनिटाचा संवाद आहे. नात म्हणते, ‘आजोबा, दहा मिनिटांनी काय फरक पडतो?’ आणि मागं घड्याळ साडेतीन तासांच्या उड्या मारतंय. पहिल्यांदा दाखवली तेव्हा नेमक्या त्या वाक्याला हशा आला. काही जणांना वाटलं आम्ही ते मुद्दाम केलंय. मी हो म्हणाले.

हे झालं दिसण्याचं. ऐकण्याचं त्याहून वाईट. घड्याळ सेकंदाला एकदा टिक करतं. शूट करताना ती टिकटिक छानच वाटत होती, वातावरण आलं म्हणून आम्ही खूश. पण एडिट म्हणजे कापाकापी. एक शॉट टिक झाल्या झाल्या संपतो, पुढचा टिक होण्याच्या जरासा आधी सुरू होतो. मग ऐकू येतं: टिक... टिक... टिकटिक... टिक. जिथं कट तिथं ठेका चुकलेला. प्रेक्षकाला कट दिसत नाही पण ऐकू येतो. संवादावर चढलेली टिकटिक सहज पुसताही येत नाही, पुसायला गेलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

करायचं होतं ते अगदी सोपं. सेल काढायचा. काटे स्क्रिप्टमधल्या वेळेवर हातानं लावायचे. प्रत्येक टेकआधी एकानं घड्याळाकडं बघायचं, आणि ते काम त्याच एकाचं असायचं. सेकंदकाटा थांबलेला दिसतो का? लांबच्या शॉटमध्ये कुणाला कळत नाही, आणि क्लोजमध्ये हवाच असेल तर तेवढ्यापुरता सेल घालायचा. टिकटिक नंतर घड्याळापासून वीतभर अंतरावर माइक धरून दोन मिनिटं वेगळी रेकॉर्ड करायची आणि एडिटमध्ये सलग अंथरायची. मग चित्रातले कट त्या आवाजाखाली गुपचूप जातात. दुसऱ्या फिल्मपासून हेच करते.

तुमच्या फिल्ममध्ये घड्याळ नसेल. पण मेणबत्ती असेल, अर्धा ग्लास पाणी असेल, ओले केस असतील, वर केलेली बाही असेल. जी वस्तू वेळेनुसार बदलते तिच्यावर एक माणूस नेमा. प्रत्येक ओके टेकच्या शेवटी मोबाइलवर फोटो काढायचा. बस.

आवाज: जो शिकायला कुणी तयार नसतं

आमच्यात कॅमेऱ्यासाठी भांडणं झाली आणि साउंडला कुणी तयार नव्हतं. शेवटी एका मैत्रिणीला बळजबरीनं हेडफोन घातले. वाईट चित्र प्रेक्षक सहन करतो, कधीकधी त्याला शैलीही म्हणतो. आवाज कळला नाही की तो मोबाइल काढतो.

माइक तोंडाजवळ न्या, इतकंच बरंचसं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलनं उतरतो. खोलीची घुमी मात्र तिथंच राहते. कॅमेऱ्यावरचा माइक दहा फुटांवर असतो, त्याला माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. आम्ही माइक एका काठीला बांधला आणि फ्रेमच्या अगदी वर, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर धरला. तीन-चार वेळा तो फ्रेममध्ये आला. येऊ दे. फ्रेममध्ये येऊन मागं घेतलेला माइक म्हणजे पुरेसा जवळ आहे.

रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. हळू झालेला आवाज वाढवता येतो, शून्याला धडकून फुटलेला परत जुळत नाही. आजोबा एकदा अचानक ओरडले. तो त्यांचा सगळ्यात चांगला टेक होता आणि तो फुटलाय.

खोलीत शिरल्यावर डोळे मिटून एक मिनिट उभं राहा. पंखा, फ्रिज, ट्यूबलाइटची गुणगुण, वरच्या मजल्यावरची खुर्ची. रेकीला, म्हणजे शूटची जागा आधी पाहायला गेलो तेव्हा, आम्ही फक्त बघत होतो. फ्रिज बंद करायचा असेल तर आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही. रेकीला त्याच वाराला, त्याच वेळेला जा. आम्ही रविवारी दुपारी ऐकलेली शांतता बुधवारी सकाळी तिथं नव्हती.

रूम टोन घ्या. सगळ्यांनी आहे तिथं गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करायची. आम्ही घेतली नाही, कारण मला तेव्हा ते नाटक वाटलं. संवादांच्या मधल्या फटी भरायला काहीतरी लागतं, नाहीतर आवाज मध्येच विहिरीत पडतो. मग मी टेकमधल्या विरामांतून चार सेकंदांचा तुकडा शोधला आणि तोच पुन्हा पुन्हा जोडला. त्या तुकड्यात एक पक्षी होता. आमच्या फिल्ममध्ये दर चार सेकंदांनी तोच पक्षी तीच शीळ घालतो. एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकू येत नाही.

‘नंतर डब करू’ हे वाक्य सेटवर कुणी उच्चारलं तर त्याला बाहेर उभं करा. ओठ जुळवून परत तोच भाव आणणं मुरलेल्या नटालाही अवघड जातं. आजोबांना तर आम्ही तीन तास बसवलं आणि एकही ओळ जुळली नाही. त्यापेक्षा शॉट झाल्या झाल्या, चाल तोंडात ताजी असताना, कॅमेरा बंद करून माइक अगदी जवळ नेऊन तीच वाक्यं दोनदा म्हणून घ्या. जुळणी बहुतेक वेळा इकडंतिकडं सरकवून होते.

रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवायला शॉटच्या सुरुवातीला क्लॅप (सीनचा नंबर लिहिलेली आपटायची पाटी) लागते. ती नसेल तर टाळी वाजवा, पण आधी सीन, शॉट, टेक मोठ्यानं बोला. आमच्याकडं कॅमेऱ्याच्या शंभरावर क्लिप्स आणि रेकॉर्डरच्या तेवढ्याच फाइल्स होत्या, आणि नुसत्या टाळ्या. कुठली टाळी कुठली हे लावण्यात माझे चार दिवस गेले.

आजोबा

आजोबांचं काम आमच्याच एका मित्राच्या आजोबांनी केलं. त्यांनी आयुष्यात कधी अभिनय केला नव्हता. नात करणारी मुलगी नाटकातली, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. पहिल्या टेकला ती कॅमेऱ्यापासून चार फुटांवर उभी राहून सभागृहाशी बोलत होती आणि आजोबा भिंतीशी.

तिला मी इतकंच सांगितलं की माइक तुझ्या डोक्यावर आहे, आजोबांना ऐकू गेलं की झालं. तिचं लगेच जमलं. आजोबांना मात्र मी ‘थोडं उदास व्हा’ असं सांगत बसले. उदास व्हा म्हटल्यावर माणूस भुवया उचलतो. चौथ्या टेकनंतर तेच म्हणाले, ‘अगं, करायचं काय ते सांग.’ त्यांना काम हवं होतं. ‘स्टूल भिंतीपाशी न्या. चढण्याआधी ते हलतंय का बघा. तिच्याकडं बघू नका.’ एवढं सांगितलं आणि ते बघण्यासारखं झालं. भाव सांगू नका, काम सांगा. व्यावसायिक नटांनाही हेच आवडतं असं पुढं कळलं.

हौशी माणसाचा पहिला टेक पुष्कळदा सगळ्यात खरा असतो, आठवा सगळ्यात थकलेला. म्हणून त्यांची बाजू आधी घ्या आणि रिहर्सललासुद्धा कॅमेरा चालू ठेवा. ते वाक्य दरवेळी वेगळं म्हणत असतील तर म्हणू द्या, शेवटचे दोन शब्द तेवढे तेच असू देत, समोरच्याला तिथून उचलायचं असतं. आणि वयस्कर माणसाला स्टुलावर चढवायचं असेल तर फ्रेमच्या बाहेर, हाताच्या अंतरावर, दुसरं कुठलंही काम नसलेला एक जण उभा करा. ही एक गोष्ट आम्ही बरोबर केली.

लोकांना वेळेवर जेवू घाला, बसायला जागा द्या, आणि किती वाजता सोडणार ते सकाळीच सांगून त्याच वेळेला सोडा. फुकट काम करणाऱ्यांना आपण दुसरं काय देणार?

कॅमेरा, पटकन

ऑटो बंद करा. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची जुळणी), एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा), फोकस, तिन्ही. आमचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. पडदा वाऱ्यानं हलला की आजोबांचा चेहरा पिवळ्याकडून निळ्याकडं जायचा. पिवळ्या बल्बसाठी ३२०० केल्विन, दिवसाच्या उजेडासाठी ५६०० च्या आसपास, आणि शक्यतो दोन्ही एका फ्रेममध्ये मिसळू नका.

सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट करत असाल तर शटर १/५० सेकंद. ज्या भागात वीज ५० हर्ट्झची आहे तिथं १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची आहे तिथं १/६० किंवा १/१२०. नाहीतर काही दिवे लुकलुकतात आणि ते कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाही. मोबाइलवर शूट करणार असाल तर एक खाचखळगा: पुष्कळ फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत. लांब टेकमध्ये सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटाकडं ओठांपासून सुटतो. रेट पक्का करणारं ॲप वापरा, किंवा एडिटआधी फाइल्स स्थिर रेटमध्ये बदलून घ्या.

कार्डाचा हिशोब शूटच्या आधी मांडा. सेकंदाला १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी. ६४ जीबीच्या कार्डात दीड तासही बसत नाही. दिवस संपला की दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि एक तिसरी दुसऱ्या घरी ठेवा. कॉपी झालेली प्रत्येक क्लिप शेवटाकडं सरकवून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. आमची एक क्लिप अर्धीच कॉपी झाली होती आणि ते दोन आठवड्यांनी कळलं.

एडिट

पहिला जोडकाम केलेला कट ११ मिनिटांचा होता आणि भयंकर होता. सगळ्यांचा असतो. तो बघून दोन दिवस मी फिल्म सोडून द्यायचा विचार करत होते.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक, आवाज बंद करून बघितलं, गोष्ट कळते का. दोन, सुरुवातीची ५० सेकंदं उडवली. नात गल्लीतून येते, जिना चढते, चप्पल काढते, बेल वाजवते: अकरा टेकवाला तो दरवाजासुद्धा गेला. आता फिल्म थेट आजोबांच्या पाठीपासून सुरू होते, ते काटा सरकवतायत आणि बाहेर बेल वाजते. कॅमेरावाल्या मित्राचा त्या जिन्याच्या शॉटवर फार जीव होता. आठवडाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. एडिट शक्यतो अशा कुणाला तरी द्या ज्याला तो शॉट घेताना किती घाम गाळला हे माहीत नाही.

संवादाच्या प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याचा चेहरा दाखवायची गरज नाही. नात बोलत असताना आजोबांवर राहा. पुढच्या शॉटचा आवाज आधीच सुरू करा आणि चित्र अर्ध्या सेकंदानं बदला, किंवा उलट. एवढ्यानं निम्मी खटखट जाते.

आजोबांचा तो हुकलेला क्लोज आठवतोय? बोटांचा नाही मिळाला, पण रशेस, म्हणजे शूट झालेल्या न कापलेल्या क्लिप्स, चाळताना एका टेकच्या आधी, आम्ही लाइट हलवत असताना, आजोबा नुसते समोर बघत बसलेले सापडले. बहुधा कधी सोडणार याचा विचार करत असावेत. तो चेहरा मी घड्याळाच्या इन्सर्टनंतर लावला, आणि फिल्म बघितलेल्या बहुतेकांनी त्या शॉटमधल्या अभिनयाचं कौतुक केलं. लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकांनी शंभर वर्षांपूर्वी रशियात हाच प्रयोग केला होता: नटाचा एकच निर्विकार चेहरा, आधी सूपची वाटी, शवपेटी किंवा बाई, आणि प्रेक्षकाला दरवेळी वेगळा भाव दिसतो. वर्गात ऐकताना मला ती दंतकथा वाटली होती.

कट दाखवताना ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, मित्र ‘मस्त’ म्हणतात. शेजारी बसून लोक कधी हलतात, पाणी पितात, मोबाइलकडं बघतात तेवढं वहीत लिहा. मग विचारा: आजोबा घड्याळ पुढं का ठेवतात? सहापैकी चौघांना सांगता आलं नाही. नातीचं एक वाक्य मागं सरकवलं, मग कळलं. हे सगळं संपल्यावर कट पक्का म्हणून जाहीर करा आणि त्यानंतरच साउंड आणि कलरला हात लावा. कट हलला की तेही सगळं हलतं.

संगीताबद्दल: आवडतं गाणं ‘तात्पुरतं’ लावू नका, त्याच्याशिवाय मग काहीच बरं वाटत नाही. गाण्याला दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक त्या रेकॉर्डिंगचा, आणि दोन्हीची लेखी परवानगी लागते. फिल्म शैक्षणिक आहे, श्रेय दिलंय, वीसच सेकंदं वापरलंय: यातलं काहीही परवानगीची जागा घेत नाही. कलाकारांच्या आणि घरमालकाच्या सहीचा एक साधा कागदही शूटच्या दिवशीच करून घ्या. महोत्सवाचा फॉर्म भरताना तो मागतात आणि तोवर एकजण परगावी गेलेला असतो.

सबटायटल्स वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (त्यात नुसता मजकूर आणि त्याच्या वेळा असतात) ठेवा आणि चित्रावर छापलेली एक प्रतही काढून ठेवा, कोण काय मागेल सांगता येत नाही. सुरुवातीला तीन-चार सेकंद काळा पडदा ठेवा. आमच्याकडं प्रोजेक्टर जागा होईपर्यंत पहिला शॉट अर्धा संपला होता. आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या स्पीकरवर, एकही सेकंद पुढं न ढकलता पूर्ण बघा. नामावलीसकट. आम्ही नामावली ढकलली होती. अंधारात पहिल्या रांगेत आजोबा बसलेले, आणि पडद्यावर त्यांच्या आडनावातली वेलांटी चुकलेली.